नाही गेलात, तर कुणाला कळेल?

"मॅडम, माझी श्रद्धा आटत चाललीय का?"

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-सहा वेळा तरी येतो. विचारणारी माणसं बहुतेक नुकतीच पुण्यात आलेली असतात. कुणी वसईहून, कुणी नागपूरहून, कुणी मंगळूरहून. गावी असताना रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चुकलेली नसते. इथं मात्र चर्चमध्ये पाय टाकला की परक्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं वाटतं. डोळे वेदीकडे, लक्ष घड्याळाकडे. घरी आल्यावर चिडचिड, आणि संध्याकाळी त्या चिडचिडीचं अपराधीपण. मग एक दिवस वाटायला लागतं, आपलंच काहीतरी बिघडलंय, देव लांब गेलाय.

मी समुपदेशक आहे, कॅथलिकही आहे, पण श्रद्धेचं माप माझ्याकडे नाही. ते फादरांचं काम, आणि बरेच फादरही ते माप घेऊन बसत नाहीत. मी फक्त एवढंच बघते की माणूस नेमकं काय हरवून आलाय.

एका बाईंची गोष्ट सांगते. नाव बदललंय, आणि घरातले तपशील दोन-तीन वेगवेगळ्या माणसांचे मिसळलेत, म्हणजे ओळखू येणार नाही. तिला लीना म्हणू.

लीना आली ती ऑगस्टमधल्या एका भिजक्या दुपारी. वय छत्तीस. तक्रार डोकेदुखीची. "फक्त रविवारी दुखतं. सोमवारी थांबतं." फॅमिली डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहिलं, चष्म्याचा नंबर पाहिला आणि माझा फोन नंबर दिला. नवऱ्याची बदली झाली म्हणून मे महिन्यात ते हडपसरच्या बाजूला राहायला आले. मुलगी तिसरीत. वसईला असताना लीना मराठी शाळेत शिकवायची. इथं अजून नोकरी नव्हती. म्हणजे रस्त्यात दर दहा पावलांवर "बाई, गुड मॉर्निंग" ऐकणारी माणूस एकदम फ्लॅट नंबर सहाशे दोन झाली होती.

पहिल्या भेटीत मी चर्चबद्दल फारसं विचारलंच नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, हसू कशाला येतं, हे विचारलं. झोप ठीक होती. मुलीच्या शाळेतल्या नाचाबद्दल सांगताना ती खुदकन हसली. हे आधी बघावं लागतं. कारण दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. पॅरिशचं, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चचं, नंतर पाहू. लीनाचं तसं नव्हतं. तिचं दुखणं रविवारच्या सकाळी साडेआठला सुरू व्हायचं.

"तिकडं काय वेगळं होतं?" मी विचारलं, आणि पुढची वीस मिनिटं मला बोलावं लागलं नाही. केळीच्या वाडीतून चर्चकडे जाणारी पायवाट. सकाळची मिस्सा. पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, त्यांतलीच एक तिची आजी. आळीच्या तोंडाशी क्रूस, आणि ऑक्टोबरात रोज संध्याकाळी तिथं रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ. मिस्सा संपल्यावर अर्धा तास तरी कुणी घरी जात नाही. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या विहिरीचं पाणी खारं झालं, सगळं तिथंच कळतं. नवीन पोर दिसलं की म्हाताऱ्या हनुवटी धरून विचारणार, कुणाची गं तू? आणि बापाचं नाव सांगितलं की त्या आजोबापणजोबांपर्यंत जाऊन येणार.

मी तिला एक कोरा कागद दिला. मधोमध रेघ मारली. म्हटलं, डाव्या बाजूला वसई, उजव्या बाजूला पुणे. एका रविवारी तुम्ही मिस्सेला नाही गेलात, तर कुणाला कळेल? नावं लिहा.

डावी बाजू चार मिनिटांत भरली. तेवीस नावं. त्यात चर्चबाहेर सुकेळी विकायला बसणारी एक बाईसुद्धा होती. उजव्या बाजूला ती पेन टेकवून नुसती बसली. शेवटी एक ओळ लिहिली: गेटवरचा वॉचमन. स्कूटर तोच लावून देतो म्हणून.

कागद तिनं माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "मी कन्फेशनमध्ये सांगितलं होतं, की मिस्सेत मन लागत नाही. पाप म्हणून सांगितलं."

तेवीस माणसांच्या जागी एक वॉचमन आला, तर मन कुणाचं लागेल? हे पाप आहे की नाही ते फादर सांगतील. माझ्या लेखी हा दुखवटा होता. फक्त मेलं कुणीच नव्हतं, त्यामुळे भेटायला कुणी आलं नव्हतं.

नवऱ्याला हे कळत नव्हतं, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. त्याला ऑफिसात पहिल्याच दिवशी गळ्यात ओळखपत्र आणि जेवायला चार सोबती मिळाले. "चर्च इथून तिथून सारखंच," असं तो म्हणायचा. मिस्सा सारखीच असते, हे खरं. वाचनं तीच, सण तेच. पण लीनाची सगळी उत्तरं मराठीत पाठ. इथल्या साडेआठच्या मिस्सेला सगळे "अँड विथ युअर स्पिरिट" म्हणायचे, तेव्हा तिचं पाव क्षण मागून यायचं. पाव क्षणच, पण दर वेळी. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात, लॅटिन जाऊन मिस्सा लोकांच्या भाषेत आली. लोकांना कळायला लागलं, हे उत्तमच झालं. पण मला कधी कधी वाटतं, लीनाची पणजी पुण्यात आली असती तर तिला भाषेचं परकेपण वाटलं नसतं. तिला वसईतही लॅटिन कळत नव्हतं आणि इथंही कळलं नसतं.

आता थोडं लीनाच्या चुकीबद्दल. दहा-बारा रविवारांत ती चार वेगवेगळ्या चर्चमध्ये जाऊन आली होती. घराजवळच्या पॅरिशमध्ये दोनदा. मराठी मिस्सेसाठी सिटी चर्चला. कॅम्पात एकदा, चर्च सुंदर आहे म्हणून. आणि उरलेले रविवार वसई: शनिवारी पहाटेची गाडी, दादरला उतरून विरार लोकल, रविवारी रात्री त्याच वाटेनं परत, सोमवारी मुलगी शाळेत पेंगत. प्रत्येक चर्चमधून येताना तिचा निकाल ठरलेला, "इथं कुणी विचारत नाही." अहो, विचारणार कसं? तुमचा चेहरा कुणाला दुसऱ्यांदा दिसलाच नाही.

सिटी चर्चचं नाव निघालं म्हणून तिला एक गोष्ट सांगितली, तिला ती फार आवडली. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली ती 1739 साली, हे तिनं मुलांना शिकवलेलं. पण त्यानंतर 53 वर्षांनी, 1792 साली, सवाई माधवराव पेशव्यांनी पुण्यात चर्चसाठी जागा दिली, ती पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती अधिकाऱ्यांसाठी आणि शिपायांसाठी. तेच सिटी चर्च. म्हणजे पुण्यातले सुरुवातीचे कॅथलिक म्हणजे नोकरीसाठी आलेली परगावची माणसंच. "बदलीवाले," लीना म्हणाली. पहिल्यांदा जरा मोकळी हसली.

मी तिला एकच काम दिलं. सहा रविवार, घराजवळचीच पॅरिश, साडेआठचीच मिस्सा, आणि एकच बाक. अगदी शेवटचा नको, तिथं पळायच्या तयारीतली माणसं बसतात. बाजूच्या दारापासचा, मागून तिसरा. आणि मिस्सा संपल्यावर दहा मिनिटं आवारातून हलायचं नाही.

"दहा मिनिटं करू काय?"

"चपलेचा पट्टा लावा."

रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये दाखवून दिलं होतं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार डोळ्यांसमोर आली तरी माणसाला ती बरी वाटायला लागते. बोलाचालीची गरज नसते. गावात हे आपोआप होतं, शहरात ठरवून करावं लागतं. शांतीचं चिन्ह देताना आपण हात जोडून डावीउजवीकडे वळतो ना, तेव्हा बहुतेकांची नजर समोरच्याच्या खांद्यावर असते. लीनाला सांगितलं, डोळ्यांत बघा. पहिल्या दोन रविवारी समोरच्यांनीच नजर चुकवली. तिसऱ्या रविवारी पुढच्या बाकावरच्या एका मंगळुरी आँटींनी वळून हात जोडले आणि भुवई उडवली. लीनानं हे मला असं सांगितलं, जणू कुणी सत्कार केला.

त्या पॅरिशमध्ये सकाळी सातला मराठी मिस्साही असते, हे मला माहीत होतं. तिला विचारलं, तिकडं का जात नाही?

ती थोडी अडखळली. "गेले होते एकदा. पण ते लोक आपल्यातले नाहीत. नगरकडचे आहेत सगळे."

मी स्वतः नगरकडची. माझे आजोबा श्रीरामपूर तालुक्यातले. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपून जाण्यात माझं बालपण गेलंय. लीनाला हे ठाऊक नव्हतं. त्या क्षणी माझ्या पोटात जे हललं त्याचा समुपदेशनाशी काही संबंध नव्हता. वसईची चर्चं पोर्तुगीज काळातली, चारशे-साडेचारशे वर्षांची. आमच्याकडे मिशनरी आले एकोणिसाव्या शतकात, आणि ख्रिस्ती झाली ती बरीचशी गावकुसाबाहेरची माणसं. दोन्हीकडचे मराठी बोलतात, एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतात, आणि सोयरीक जुळवायची वेळ आली की हळूच विचारतात, "मूळचे कुठले?" चर्चमध्ये जातपात नसते असं म्हणणाऱ्यांनी एकदा लग्नाच्या जाहिराती वाचाव्यात.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. बोलले असते तर रागानं बोलले असते. संध्याकाळी माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंना फोन करून ते सगळं ओतलं. आमच्या व्यवसायात ही सोय ठेवावी लागते. त्या म्हणाल्या, "तिला तिचं घर हवंय आणि तुला तुझा मान. दोन्ही एकाच तासात कसं मिळेल?" पुढच्या भेटीत मी शांतपणे सांगितलं, की मी नगरची. लीनाचा चेहरा पडला. माफी मागू लागली. मी म्हटलं, माफी नको, "आपल्यातले" म्हणजे नेमके कोण, तेवढं मनाशी बघा. तिनं त्यावर काही उत्तर दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

सप्टेंबरात निराळीच अडचण निघाली. मुलीला धर्मशिक्षणाच्या वर्गात घालायचं तर पॅरिशच्या ऑफिसात कुटुंबाची नोंदणी हवी. फॉर्म घरी आणून तीन आठवडे फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला. भरवत नव्हता. खोदून विचारल्यावर कळलं, सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "तिकडं नाव घातलं की इकडचं काढतील." लीनालाही पोटातून तेच वाटत होतं. इथं सही केली की तिकडचं आपलं पान फाटणार.

ही भीती मी कितीतरी जणांकडून ऐकलीय, म्हणून जरा नीट सांगते. बाप्तिस्म्याची नोंद ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्याच वहीत राहते, कायमची. पुढं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, झालं, लग्न झालं, कुठंही झालं, तरी कळवल्यावर त्याची नोंद तिथंच तुमच्या नावापुढे होते. जगात कुठंही राहिलात तरी ते पान हलत नाही. नव्या पॅरिशमध्ये भरायचा तो फॉर्म घरातल्या माणसांच्या यादीचा, त्याचा बाप्तिस्म्याच्या वहीशी संबंध नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून मजेची. चर्चच्या कायद्याप्रमाणे, सध्याचा 1983 सालचा, पॅरिश साधारणपणे पत्त्यावरून ठरते. ज्या हद्दीत कायम राहायच्या इराद्यानं घर केलं, ती तुमची पॅरिश. इरादा तीन महिन्यांचाच असला तरी तात्पुरता रहिवास मानतात. म्हणजे लीना कुणीतरी आत घेईल म्हणून दाराशी ताटकळत होती, आणि कायद्यानं ती मे महिन्यापासून आतच होती.

माझ्यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून तिनं माझ्यासमोरच माहेरच्या चर्चमध्ये फोन लावला. पलीकडे फादर मोठ्यानं हसल्याचं मलाही ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "लग्न होऊन सासरी गेलात तेव्हाही पॅरिश बदलली की तुमची. तेव्हा कसं जमलं?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. "सासूबाई घेऊन गेल्या. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी. हात धरून. एकेका बाकापाशी थांबून सांगितलं, ही आमची सून. आणि पुढच्या आठवड्यात मला न विचारता चर्चच्या साफसफाईत माझं नाव देऊन मोकळ्या. मला इतका राग आला होता."

इथं हात धरणारं कुणी नव्हतं. बायकांना सासरी जाण्याची सवय असते म्हणतात, पण सासरी निदान सासू तरी असते.

यानंतर चूक माझी झाली. लीनाचा आवाज चांगला. मी उत्साहानं म्हटलं, कॉयरमध्ये जा. गेली. बुधवारी संध्याकाळी सराव, हातात इंग्रजी गाण्यांची फाइल, आणि वर्षानुवर्षं एकत्र गाणारी पंधरा माणसं. त्यांनी तिला नीट बसवून घेतलं, दोन गाणी ऐकली, आणि वरचा आवाज लावणाऱ्या बायका पुरेशा आहेत, गरज लागली तर कळवू, असं सांगितलं. वाईट वागले नाहीत. पण लीना घरी येऊन रडली, आणि पुढच्या दोन भेटी तिनं रद्द केल्या. ज्या माणसाला कुणी ओळखत नाही त्याला मी थेट परीक्षेला बसवलं होतं. कॉयर म्हणजे घराचा दिवाणखाना. परकं माणूस घरचं होतं ते मागच्या दारानं, ओट्यापाशी. हे मला पंचवीस वर्षांच्या कामानंतर तरी सुचायला हवं होतं. तिला मेसेज करून तसं कबूल केलं. उत्तरात एक हात जोडलेली खूण आली, बस.

ऑक्टोबरात ती परत आली ती वेगळंच सांगायला. त्यांच्या झोनमध्ये, म्हणजे पॅरिशमधल्या त्यांच्या वस्तीच्या गटात, रोज एकेका घरी रोझरी. झोन लीडरनं सोसायटीच्या ग्रुपवर पत्ते टाकले होते. मुलीनं हट्ट धरला, तिची वर्गातली मैत्रीण येणार होती म्हणून. गेल्या. बारा-तेरा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, टीव्हीच्या शेजारी मारियामातेचा पुतळा आणि पुढे झेंडूची फुलं. रोझरीचे पाच भाग, एकेका भागात दहा वेळा 'नमो मारिया', आणि प्रत्येक भाग ज्यानं त्यानं आपल्या भाषेत म्हणायचा. इंग्रजी झालं, तमिळ झालं, मंगळुरी आँटींचं कोंकणी झालं. चौथा भाग लीनाकडे आला.

"मी 'नमो मारिया' सुरू केलं आणि निम्म्यावर येऊन थांबले," ती म्हणाली. "पुढचं अर्धं कोण म्हणणार? इंग्रजीत उत्तर आलं तर मी बहुतेक उठूनच गेले असते."

उत्तर मराठीत आलं. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या एका बाईंकडून, खणखणीत. सातच्या मिस्सेतल्या, नगरकडच्या. बाकीच्यांनी आपापल्या भाषेत ओठ हलवले, पण मोठ्यानं दहाही वेळा उत्तर त्या एकट्या बाईंचंच. निघताना त्या लीनाला म्हणाल्या, "तुमचं मराठी लई गोड आहे हो, पण जरा सावकाश म्हणा. मला दम लागतो."

हे सांगताना लीना माझ्याकडे बघत नव्हती. मीही खिडकीबाहेर पाहिलं.

लोकांना वाटतं, इथून सगळं सुरळीत झालं असेल. नाही. पुढचे दोन रविवार पुन्हा डोकं दुखलं. मुलीचा पहिला ख्रिस्तप्रसाद इथं की वसईला, यावरून नवऱ्याशी जोरदार भांडण झालं, आणि मी हे लिहिपर्यंत तरी ते मिटलेलं नाही. नोव्हेंबरमध्ये एक शनिवार-रविवार ती न सांगता वसईला गेली. सोमवारी दुपारी फोन वाजला. मंगळुरी आँटी. "काल कुठं होतीस? तुझ्या बाकावर कुणीतरी भलतंच बसलेलं." आँटींना नंबर कुणी दिला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी लीनानं तो जुना कागद माझ्याकडून मागून घेतला आणि वॉचमनच्या खाली आँटी लिहिलं, त्याखाली नगरच्या मावशी.

आणि मग ते मयत. तिच्याच बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे तमिळ आजोबा रात्री अकराला गेले. मुलगा आखातात, घरात फक्त आजी, घाबरलेली सून आणि तिचं लहान मूल. लीनाला रोझरीमुळे ते घर माहीत होतं. ती खाली गेली, आणि तिथं तिला कुणाला काही विचारावं लागलं नाही. मयताच्या घरी काय करायचं, हे वसईत लहानपणापासून पाहून पाहून तिच्या हातांना येत होतं. उशाशी क्रूस आणि मेणबत्ती. खुर्च्या भिंतीला. आजींना एकटं सोडायचं नाही, पण त्यांच्याशी बोलतही बसायचं नाही. लहान मुलाला उचलून वर आपल्या घरी. आणि चहा. साखर कमी पडली तेव्हा नगरच्या मावशी नवऱ्याच्या मोपेडवर मागं बसून डबाभर साखर घेऊन आल्या. रात्री दोन वाजता दोघी त्या परक्या स्वयंपाकघरात सिंकपाशी उभ्या होत्या. एक विसळत होती, एक पुसत होती. अडतीस कप. लीनानं मोजले होते.

"काय बोललात?" मी विचारलं.

"काही नाही. त्यांना कप पालथे ठेवायची सवय, मला उताणे. त्यावरून जरा झालं."

दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळी फादरांनी तिला नावानं हाक मारली. फुलांचं काय ठरलं, एवढंच विचारायला.

शेवटची भेट डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. डोकेदुखीचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही. ती आली तीच फणफणत. पर्स खुर्चीवर आपटली.

"मॅडम, त्या आँटींनी काय केलं माहीतय? नाताळच्या फराळाची यादी लावलीय चर्चच्या बोर्डावर. कुलकुलं, तीन किलो, आणि पुढं माझं नाव! तीन किलो! मला विचारलंसुद्धा नाही. अगदी आमच्या सासूबाईंसारखं. मी नाही म्हणाले असते तर?"

"म्हणायचंय का नाही?"

"आता कसं म्हणणार? मैदा आणून झालाय." तिनं घड्याळ पाहिलं. "आज जरा लवकर निघते हं. मावशींकडून मोठी परात आणायचीय, त्या पाचला कामावर जातात."